जनसंपर्काचे काम आणि ते करणारा माणूस
(वणी येथे ज्युबिलीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या आनंदाच्या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली आणि विषयही नेमून देण्यात आला. जनसंपर्काचा व्यवसाय पत्करू इच्छिणाऱ्या तरुणांच्या अंगी कोणते गुण असावेत, हा तो विषय होय. हे शिक्षण आता नाशकासही मिळते आणि आपली मुलेमुली त्याकडे वळू लागली आहेत. त्यांच्या आईवडिलांच्या मनात मात्र एक शंका घर करून असते : हा गोड बोलून धन्याच्या चुका झाकण्याचा धंदा तर नव्हे? ती शंका अगदीच निराधार आहे, असे आम्ही म्हणणार नाही. म्हणूनच तिचा विचार आधी केला पाहिजे.

पूर्वी गावोगाव दवंडी पिटली जात असे. दवंडी देणारा चावडीचा हुकूम गावास ऐकवी. गावाचे गाऱ्हाणे चावडीस ऐकविणे हे त्याचे काम नव्हते. जनसंपर्क अधिकाऱ्यास मात्र दोन्ही वाटा चालाव्या लागतात. त्याचा पहिला गुण जिभेत नसून कानांत असतो, आणि दुसरा, जो फारच दुर्मिळ, तो म्हणजे कानी आलेली कडू गोष्ट धन्याच्या तोंडावर सांगण्याची छाती. बाकीचे सारे गुण या दोहोंच्या मागून येतात, असे आमचे मत आहे.

कानांविषयी दूरचा दाखला कशास हवा? सप्तशृंगगड वणीत नाही, तो कळवण तालुक्यात आहे, आणि त्याच्या पायथ्याचे गाव नांदुरी. तथापि साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी नाव आहे ते ‘वणीच्या देवी’चे. चैत्रात खानदेशातून पायी येणारा भाविक याच नावाने वाट विचारतो. कार्यालयात बसून सूचना लिहिणारा मनुष्य तालुक्याच्या हद्दी दाखवू लागला, तर त्याचे लिहिणे खरे असूनही व्यर्थ होईल. लोक ज्या नावाने विचारतात त्या नावाने उत्तर देणे, हे या व्यवसायाचे पहिले अक्षर होय. आणि नाव कळले तरी बोलीचा प्रश्न उरतोच. अहिराणी बोलणारा खानदेशी शेतकरी, सुरगाण्याकडील कोकणा बांधव आणि मुंबईचा नोकरदार, हे तिघे एकच सूचना तीन प्रकारे वाचतात.

याच गडावर २०२२ साली एक अवघड प्रसंग आला होता. मूर्तीवर शेंदराचे जाड थर साचले होते; ते उतरवून मूर्तीचे संवर्धन करावयाचे होते. त्यासाठी २१ जुलैपासून मंदिर दर्शनास बंद ठेवण्यात आले. बंधुभगिनींनो, ही श्रद्धा आपल्या शेजाऱ्यांची आहे. ज्या मूर्तीचे रूप पिढ्यान्‌पिढ्या एका प्रकारे पाहिले, ते पालटणार ही वार्ता किती नाजूक, हे आपणांस सांगावयास नको. देवस्थानच्या ट्रस्टने बंदीची तारीख व कारण आगाऊ जाहीर केले आणि पहिल्या पायरीपाशी प्रतिकृतीच्या दर्शनाची सोय ठेवली. नवरात्राच्या आरंभी, २६ सप्टेंबर रोजी, भाविकांस मूर्तीचे मूळ रूप पाहावयास मिळाले. आमचे लक्ष वेधते ते एवढ्याकडे की, कारण आधी सांगितले गेले. कुलूप आधी आणि कारण मागून, असे झाले असते तर गडावरून उतरणारी प्रत्येक मोटार एकेक अफवा घेऊन उतरली असती. अफवेस जागा मिळते ती आपल्या मौनातच.

याउलट वार्ता वेळेवर न पोहोचल्याने काय घडते, हे आपल्या दिंडोरी तालुक्याच्या द्राक्षबागायतदारांस कोणी शिकविण्याची गरज नाही. २०१० साली युरोपास गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचा अंश तेथील मर्यादेपेक्षा अधिक आढळला. माल अडला, भाव कोसळले, निर्यातदार व शेतकरी दोघेही पोळले. हे औषध वेलीची फाजील वाढ आवरण्यासाठी बागांत वापरले जात होते, परंतु निर्यातीपूर्वी ज्या रसायनांची तपासणी होई त्यांच्या यादीत त्याचे नाव नव्हते. पुढे ते घालण्यात आले. आता पाहा, परदेशी बाजारपेठेची मर्यादा एका टोकास आणि फवारणी करणारा शेतकरी दुसऱ्या टोकास. मधली वाट चालणारे कोणी असते तर? ती वाट केवळ वृत्तपत्रांस निवेदने धाडून चालता येत नाही. त्यास बांधावर जावे लागते, कोणते औषध कशास वापरता हे विचारावे लागते, आणि परत येऊन प्रश्न करावा लागतो की, हे आपल्या यादीत का नाही? असा प्रश्न करणारा मनुष्य कचेरीत कोणासही प्रिय नसतो.

या छातीच्या गुणाचा कस एका परदेशी माणसाच्या चरित्रात दिसतो. अमेरिकेतील आयव्ही ली हा या व्यवसायाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. १९०६ च्या ऑक्टोबरात अटलांटिक सिटीजवळ पुलावरून आगगाडी पाण्यात पडून पन्नासहून अधिक माणसे मेली. रेल्वे कंपन्यांची रीत अपघात दडपण्याची. लीने मात्र बातमीदारांस अपघाताच्या जागी नेण्याची व्यवस्था करविली आणि कंपनीच्या वतीने माहिती प्रसिद्ध केली. येथवर कोणीही त्यास नमस्कार करील. परंतु १९१४ साली कोलोरॅडोतील लडलो येथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर हल्ला होऊन बायकामुले मृत्यू पावली. त्यानंतर त्याच लीने रॉकफेलर यांच्यासाठी पत्रके काढली, आणि त्यांत संपाच्या पुढाऱ्यांची मिळकत कितीतरी फुगवून छापली गेली. हे आकडे खरे आहेत की नाही याची शहानिशा आपण स्वतः काहीच केली नव्हती, हे पुढे सरकारी आयोगापुढे त्यास कबूल करावे लागले. बुद्धी तीच, लेखणी तीच. धन्याने दिलेला कागद उलटून पाहण्याचे तेवढे राहिले, आणि शंभर वर्षे लोटली तरी तो डाग गेला नाही.

भारतात या व्यावसायिकांची संस्था १९५८ साली स्थापन झाली, आणि १९६८ च्या दिल्लीच्या अधिवेशनात तिने आचारसंहिता स्वीकारली. संहिता चांगलीच आहे. तथापि मध्यरात्री धन्याचा दूरध्वनी येतो, ‘सकाळपर्यंत काहीतरी छापून द्या’ म्हणून, तेव्हा संहितेचे पुस्तक कपाटात असते आणि मनुष्य एकटा असतो. अशा वेळी खोटे न बोलता गप्प राहणे, गुप्त ते गुप्त ठेवणे, आणि ‘हे मला ठाऊक नाही, चौकशी करून सांगतो’ असे सरळ म्हणणे, हे ज्यास जमते त्याचा शब्द पुढच्या संकटात चालतो. वक्तृत्व, टापटीप, संगणकाचे ज्ञान या गोष्टी शिकविता येतात. त्यांविषयी आम्ही वेळ घेणार नाही.

या व्यवसायात जाणाऱ्या मुलामुलींस आमची एवढीच विनंती आहे. नोकरीच्या मुलाखतीत शेवटी ‘तुम्हांस काही विचारावयाचे आहे काय’ असे म्हणतात. तेव्हा पगाराआधी हे विचारा : संस्थेत काही वाईट घडले तर ते मला कोण सांगणार आणि किती वेळात? उत्तर देणारे गृहस्थ गोंधळले, तर घरी येऊन आईवडिलांचा सल्ला घ्या आणि मगच होकार कळवा.