बेन, पार्टी ऊभी छे
(गणेशोत्सवातील महिला सत्रात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने 'माझी नोकरी' या विषयावर बोलायला सांगितलं, तेव्हा घरात सगळे हसले. डॉक्टर, प्राध्यापक सोडून बँकेतल्या कारकुनीवर कोण बोलतं? पण माझं टेबल जरा निराळं होतं. दुसऱ्याची पत तपासून 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं, एवढंच माझं काम. बडोद्यात राहून ते मी अकरा वर्षं केलं.

क्रेडिट कार्ड तेव्हा नवलाईचं होतं. दुकानात आजच्यासारखं यंत्र नव्हतं. लोखंडी पाटावर कार्ड ठेवायचं, वर कार्बनची स्लिप, आणि दांडा खटकन् इकडून तिकडे सरकवायचा. कार्डावरचे उठावाचे आकडे कागदावर उमटत. प्रत्येक दुकानाला एक मर्यादा ठरवून दिलेली असे. बिल त्याच्या आत असेल तर दुकानदाराने पातळ कागदावर छापलेल्या यादीत नंबर बघायचा. चोरीला गेलेली, थकलेली कार्डं त्या यादीत असत. बिल मर्यादेच्या वर गेलं की आम्हाला फोन. मग मी खातं उघडून शिल्लक मर्यादा बघायची आणि पटलं तर एक क्रमांक सांगायचा. तो स्लिपवर लिहिला की पैशाची जबाबदारी बँकेची. काही हुशार शेठ फोन टाळायला एकाच साडीची दोन बिलं करत, ते आम्हाला स्लिपा आल्या की कळायचंच!

पलीकडून नेहमी एकच वाक्य यायचं, 'बेन, पार्टी ऊभी छे, जल्दी करो.' ती पार्टी काउंटरशी उभी आहे, बरोबर बायकोमुलं आहेत, शेजारी दुसरं गिऱ्हाईक बघतंय, हे मला टेबलावरून दिसत नसे. मला दिसे आकडा.

१९९६ सालची, लग्नसराईतली संध्याकाळ. एका सराफाचा फोन आला, बिल १८,४०० रुपये. कार्डाची मर्यादा २५,०००, देणं १४,००० बाकी. म्हणजे उरले ११,०००. नियमाप्रमाणे मी गिऱ्हाईकाला फोनवर घेतलं, जन्मतारीख विचारली, आईचं नाव विचारलं. नाव ऐकलं आणि ओळखलं. आपल्याच मंडळातले काका; त्यांच्या मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर होतं. ते शांतपणे म्हणाले, 'बारा हजारांचा चेक सहा दिवसांपूर्वी टाकलाय.' खात्यात तो जमा दिसत नव्हता. मी नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चेक सापडला. आमच्याच खोलीत, तिसऱ्या टेबलावर, टाचणी लावलेल्या गठ्ठ्यात, नोंद व्हायचा राहिलेला. माझ्या खुर्चीपासून दहा पावलं. लाइनवर आणखी दोन फोन होते, अधिकारी निघायच्या बेतात होते, ही कारणं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितली. खरं कारण वेगळं होतं. ओळखीच्या माणसासाठी उठले, तर 'आपल्या माणसाचं काम केलं' असं कोणी म्हणेल, ही भीती. परका माणूस असता तर मी कदाचित उठून गठ्ठा चाळला असता.

आता माझ्यासारखा कारकून उरलाच नाही. यंत्र दोन सेकंदांत उत्तर देतं. पण तो राहिलेला चेक आजही असतो, फक्त त्याची जागा बदलली आहे. तुमच्या कर्जाची, हप्त्यांची माहिती सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्यांकडे जाते, आणि ३०० ते ९०० मधला आकडा तुमच्या नावापुढे बसतो. फेडलेलं कर्ज तिथे चालू दिसू शकतं. नावासारख्या नावामुळे दुसऱ्याची थकबाकी तुमच्या माथी येऊ शकते. आणि मेहुण्याला, भाच्याला जामीन राहिला असाल तर तेही तिथे लिहिलेलं असतं, हे आपल्या घरांतून फार कमी जणांना माहीत आहे. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मागवा. चूक दिसली तर लेखी तक्रार करा; ३० दिवसांत निकाल लागला नाही तर २०२४ पासून दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. मुलीच्या लग्नाच्या किंवा घराच्या कर्जाच्या आदल्या आठवड्यात नको, आत्ताच बघा.

त्या काकांचं सांगायचं राहिलं. चेकची नोंद मी स्वतः उभी राहून करून घेतली, सराफाला फोन केला. पण दागिना त्यांनी रात्रीच नेला होता, कोणाकडून तरी रोख उसने घेऊन. कोणाकडून, ते कधी कळलं नाही. लग्नात मी अक्षता टाकल्या, जेवले, आणि काही न बोलता घरी आले.

बोलले ते आठ वर्षांनी, याच मांडवात, आरती झाल्यावर. हातात प्रसादाचं ताट होतं म्हणून धीर आला असेल. म्हटलं, 'काका, त्या दिवशी सराफाकडे फोनवर मी होते.'

त्यांनी खिरापत घेतली, तोंडात टाकली. म्हणाले, 'आवाज तेव्हाच ओळखला होता. म्हणून तर वाद घातला नाही.'