एकट्या वकिलाची कचेरी

(विधिज्ञांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचे शब्दांकन)



वकिलीवर बोलायचे म्हटले की वक्त्याचे मन सहजच मोठ्या खटल्यांकडे धाव घेते. गाजलेले युक्तिवाद, नामवंत कायदेपंडित, ऐतिहासिक निवाडे हा विषय रसाळ खराच. परंतु महाराष्ट्रातील असंख्य वकील ज्या जगात आपले आयुष्य घालवितात, ते जग निराळे आहे. तालुक्याच्या न्यायालयासमोर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून एक लहानशी खोली असते. दारावर नावाची पाटी, आत एक टेबल, चार खुर्च्या, भिंतीशी लोखंडी मांडणी आणि तिच्यावर फितीने बांधलेले कागदांचे गठ्ठे. एक वकील, एक कारकून आणि असलाच तर एक ज्युनिअर. आजचे विवेचन या खोलीपुरतेच मर्यादित आहे.

खेड्यातून येणाऱ्या माणसासाठी न्यायसंस्था म्हणजे ही खोलीच असते. न्यायाधीशांना त्याने दुरून एक-दोनदा पाहिलेले असते. कायद्याची भाषा त्याला परकी असते. सातबारा, फेरफाराचा उतारा, आजोबांच्या काळचे खरेदीखत असा आपला सारा जमीनजुमला तो एका पिशवीत घालून आणतो आणि वकिलाच्या टेबलावर ठेवून निर्धास्तपणे घरी जातो. हा निर्धास्तपणा म्हणजेच वकिलाचे भांडवल होय. ते भांडवल न्यायालयातील भाषणात क्वचित बुडते. बुडते ते टेबलावर: न नोंदलेल्या तारखेत, न दिलेल्या पावतीत, न सापडणाऱ्या कागदात.

प्रथम तारखेचाच विचार करू. प्रत्येक वकिलाजवळ डायरी असते, पण बहुतेकांच्या डायरीत पक्षकाराचे नाव आणि दाव्याचा क्रमांक यापलीकडे काही नसते. आज काय झाले, पुढच्या तारखेला काय करावयाचे आहे आणि त्यासाठी पक्षकाराकडून काय मागवायचे आहे, या तीन गोष्टी त्याच दिवशी, न्यायालयातून परत येताच लिहिल्या गेल्या नाहीत तर पुढील तारखेच्या सकाळी बोर्ड पाहून धावपळ होते. मग ‘मुदतीचा अर्ज द्या’ हा एकच उपाय उरतो. तारखा वाढल्या की दोष व्यवस्थेला दिला जातो आणि व्यवस्थेत दोष आहेतही; परंतु त्यांतील काही तारखा वकिलाच्या टेबलावर जन्माला आलेल्या असतात, हे एकांतात तरी मान्य केले पाहिजे.

तारखांच्या डायरीहून वेगळी अशी मुदतींची वही हवी. प्रतिवादीतर्फे वकीलपत्र घेतले की कैफियतीचे ३० दिवस सुरू झालेले असतात आणि ते फार तर ९० पर्यंत वाढतात. साध्या दिवाणी दाव्यात न्यायालये ही मर्यादा काहीशी सैल हाताने लावतात, परंतु वाणिज्यिक दाव्यात १२० दिवस उलटले की कैफियतीचा हक्कच संपतो. दावा गैरहजेरीमुळे निघाला किंवा एकतर्फी हुकूमनामा झाला, तर तो पूर्ववत करून घेण्यास ३० दिवस. दिवाणी न्यायाधीशाच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील करण्यास ३० दिवस, उच्च न्यायालयात जावयाचे असल्यास ९०. हे सारे उपस्थितांना पाठ आहे, यात शंका नाही. प्रश्न पाठांतराचा नसून नोंदीचा आहे. निकाल लागला त्याच दिवशी त्या वहीत मुदतीचा शेवटचा दिवस लिहावा आणि त्याआधी आठ दिवसांच्या पानावर त्याच प्रकरणाची दुसरी नोंद करावी. नक्कल अर्जही त्याच दिवशी द्यावा. नक्कल मिळण्यास लागलेला आवश्यक काळ मुदतीतून वगळला जातो, पण अर्ज देण्याआधी वाया घालविलेले दिवस कोणी परत देत नाही. ‘पक्षकार अजून ठरवीत आहे’ म्हणून नक्कल अर्ज थांबविणे ही तालुक्यातील सर्वांत महाग पडणारी सवय आहे.

वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला द्यावी काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे अनेकदा आला. १९८१ मध्ये रफिक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात न्यायालयाने फार सहृदय भूमिका घेतली. वकील नेमून, त्याची फी देऊन घरी गेलेल्या खेडुताने, वकील सुनावणीला हजर राहिला नाही म्हणून भोगावे, हे न्यायालयाला मान्य झाले नाही आणि त्याचे अपील पुन्हा सुनावणीस घेण्यात आले. त्या निवाड्याच्या आधारावर विलंबमाफीचे किती अर्ज आजवर लिहिले गेले असतील याची गणती नाही. परंतु त्या आधारावर आता फार विसंबता येणार नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये रजनीश कुमार विरुद्ध वेद प्रकाश या प्रकरणात त्याच न्यायालयाने बजावले की, सारा दोष वकिलावर ढकलून विलंबमाफी मागण्याची प्रवृत्ती वाढते आहे. पक्षकारानेही आपल्या प्रकरणाबाबत जागरूक राहिले पाहिजे. याचा व्यावहारिक अर्थ काय? पक्षकाराला जागरूक ठेवणे हेही आता वकिलाचे काम झाले. प्रत्येक तारखेनंतर दोन ओळींचा संदेश, मग तो भ्रमणध्वनीवरून का असेना, पाठविला गेला पाहिजे. ‘वकीलसाहेब फोनच उचलत नाहीत’ ही तक्रार ज्या गावात ऐकू येत नाही, असे गाव महाराष्ट्रात सापडणे कठीण.

आता पैशाकडे वळू. हा विषय काढला की सभागृहात किंचित अस्वस्थता पसरते, म्हणूनच तो स्पष्ट बोलला पाहिजे.

१८९३ मध्ये तरुण बॅरिस्टर मोहनदास गांधी दादा अब्दुल्ला यांच्या खटल्यासाठी दक्षिण आफ्रिकेस गेले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की सारा वाद हिशेबाचा आहे आणि आपल्याला जमाखर्च मुळीच कळत नाही. त्यांनी पुस्तक विकत आणून जमाखर्च शिकून घेतला. पुढे तो वाद लवादाने मिटला आणि हरलेल्या पक्षाला हप्त्याने रक्कम फेडण्याची सवलत मिळाली, ही गोष्ट बहुश्रुत आहे. जमाखर्चाचा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही. वकिलांच्या शिक्षणात आजही हिशेबावर पुरेसा भर नाही. पाच वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडलेल्या तरुणाला फीची पावती कशी करावी हे कोणी शिकविलेले नसते.

भारतीय वकील परिषदेचे नियम याबाबत नि:संदिग्ध आहेत. पक्षकाराच्या पैशाचा हिशेब ठेवला पाहिजे. आलेली रक्कम फीपोटी आहे की खर्चापोटी, हे नोंदले पाहिजे. पक्षकाराच्या वतीने काही रक्कम हाती आली तर ती त्याला शक्य तितक्या लवकर कळविली पाहिजे. कोर्ट फी, नकला, टंकलेखन, साक्षीदाराचा भत्ता यांसाठी घेतलेले पैसे घरखर्चाच्या खिशात मिसळले की माणूस अप्रामाणिक नसतानाही अप्रामाणिक ठरतो. यावर उपाय साधा आहे: दोन बँक खाती आणि एक पावती पुस्तक. फी टप्प्याटप्प्याने ठरवावी आणि प्रकरण हाती घेतानाच एका कागदावर मराठीत लिहून त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. ‘तुम्ही काय द्याल ते’ असे म्हणण्यात औदार्य दिसते खरे, पण तीन वर्षांनी त्याच वाक्यातून भांडण उभे राहते.

भूसंपादनाचा मोबदला आणि मोटार अपघाताची नुकसानभरपाई या दोन क्षेत्रांत टक्केवारीचा मोह विशेष असतो. निकालाच्या यशावर फी ठरविणे किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा मागणे नियमाने निषिद्ध आहे, तरी त्याची उघड चर्चा होते. याचे समर्थनही ऐकू येते: गरीब पक्षकार आधी फी कोठून देणार? प्रश्न रास्त आहे. परंतु ज्या विधवेचा कर्ता पुरुष रस्त्यावर गेला, तिच्या भरपाईत वाटेकरी झालेला वकील तिला तडजोडीचा सल्ला देताना कोणाचे हित पाहील? त्यापेक्षा निश्चित रक्कम ठरवून ती हप्त्याने, रक्कम हाती आल्यावर घेणे हा मार्ग मोकळा आहे. फी थकली म्हणून कागद अडवून ठेवण्याचा मार्ग मात्र मुळीच मोकळा नाही. सन २००० मध्ये आर. डी. सक्सेना प्रकरणात, एका सहकारी बँकेच्या फायली फीसाठी रोखून धरणाऱ्या वकिलाची वर्तणूक सर्वोच्च न्यायालयाने व्यावसायिक गैरवर्तन ठरविली. फी वसूल करण्यासाठी कायदेशीर उपाय आहेत. पक्षकाराचा सातबारा हे तारण नव्हे.

मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली. वकीलवर्गाने त्याचे स्वागत केले आणि ते योग्यच होते. परंतु अधिवक्ता अधिनियमाचे ३५ वे कलम आणि त्याखालील शिस्तभंगाची कारवाई आपल्या जागी आहेच. बाहेरचा एक पहारेकरी हटला की घरातल्या माणसाने अधिक सावध झोपायचे असते.

व्यवसायाच्या आरंभीची वर्षे ही सर्वांत कठीण. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसारखा प्रकांड विद्वान १९२३ मध्ये मुंबईत वकिलीस उभा राहिला तो सनदेचे शुल्क मित्राकडून, नवल भथेना यांच्याकडून, उसने घेऊन. पुढे काही वर्षे ते बाटलीबॉय यांच्या संस्थेत वाणिज्यिक कायदा शिकवून चरितार्थाला हातभार लावीत होते. जातीच्या भिंतीमुळे त्यांच्याकडे येणारी प्रकरणे रोखली जात, हे त्यांचे वेगळे आणि अधिक दारुण दु:ख होते. आजच्या ज्युनिअरपुढे ती भिंत नसेल, निदान उघडपणे नसेल. पण भाडे, प्रवास आणि दोन वेळचे जेवण आहेच. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोंदणी शुल्क कायद्यातील ७५० रुपयांच्या मर्यादेत आणले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वकील परिषदेने ज्युनिअरला शहरात दरमहा २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये द्यावेत असे सुचविले. हे बंधन नव्हे, सूचना आहे. आणि तालुक्यातील ज्येष्ठ वकील म्हणेल की एवढे मलाच सुटत नाही. त्याचे म्हणणे खोटे नाही. तरीही ठरलेल्या दिवशी ठरलेली रक्कम, मग ती ५ हजार का असेना, ज्युनिअरच्या हाती पडणे आणि ‘शिकतो आहेस ना’ म्हणून वर्षभर टोलविणे यांत मोठे अंतर आहे. न्यायालयाबाहेर चहा पीत उभे असलेले, काळ्या कोटातले जे हुशार तरुण दोन वर्षांनी स्पर्धा परीक्षेच्या वर्गात दिसतात, ते कायद्याला कंटाळून गेलेले नसतात. विशेषतः मुली. त्यांच्यासाठी वकील कक्षात बसायला धड जागा आणि स्वच्छ स्वच्छतागृह असावे, ही मागणी अजून करावी लागते, हे लाजिरवाणे आहे.

लहान गावात आणखी एक पेच असतो. भावकीच्या वादात दोन्ही भाऊ एकाच वकिलाकडे येतात, कारण वडील त्याच्याकडेच येत असत. एका बाजूने एकदा सल्ला दिला की दुसऱ्या बाजूने उभे राहता येत नाही, हा नियम आहे. त्याहून चांगले, दोघांना समोरासमोर बसवून वाटणीचा नकाशा टेबलावर पसरता आला तर पाहावे. दाखल दावा लोकअदालतीत मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, ही गोष्ट पक्षकाराला आवर्जून सांगावी. ‘मग वकिलाचे पोट कसे भरणार’ असे विचारणाऱ्यांनी एवढेच पाहावे की ज्या घराचा वाद मिटला, त्या घरातील पुढची तीन कामे कोणाकडे येतात.

यंत्रांबद्दल थोडक्यात. ई-न्यायालयाच्या सेवेमुळे १६ अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकला की तारीख हातात दिसते. फायलीच्या मुखपृष्ठावर तो ठळक लिहावा आणि पक्षकारालाही द्यावा. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून मसुदे करून घेणाऱ्यांनी मात्र २०२३ ची न्यूयॉर्कमधील घटना आठवावी. तेथे वकिलांनी यंत्राने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयात सादर केले आणि ५ हजार डॉलर्सचा दंड ओढवून घेतला. मूळ निवाडा डोळ्यांनी वाचल्याशिवाय त्याचा दाखला देऊ नये, यासाठी नव्या नियमाची गरज नाही.

दक्षिण महाराष्ट्र आणि तळकोकणातील वकिलांसाठी काळ विशेष बदलला आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या ६ जिल्ह्यांची मुंबईची फेरी त्यामुळे वाचली. त्यासाठी वकिलांनी अनेक दशके आंदोलने केली. पूर्वी अपिलाचे कागद मुंबईच्या वकिलाकडे पाठविले की जबाबदारी संपत असे. आता तालुक्यातील वकील स्वतः उभा राहू शकतो. मात्र त्यासाठी खालच्या न्यायालयातील फाईल पहिल्या दिवसापासून अनुक्रमणिकेसह, नीट पृष्ठांकित असावी लागेल. पंधरा वर्षांपूर्वीचा दस्त कोणत्या गठ्ठ्यात आहे हे केवळ कारकुनाला ठाऊक असेल तर ते जमणार नाही.

आणि कारकूनही नसला तर? शेवटचा मुद्दा सर्वांत अप्रिय आहे. एकट्या वकिलाची कचेरी त्याच्या एका श्वासावर उभी असते. हृदयविकाराचा झटका तारीख पाहून येत नाही. वकिलाच्या मृत्यूबरोबर वकीलपत्र संपते; प्रकरणे मात्र चालूच राहतात. तेराव्याच्या आधीच दारात पक्षकार उभे राहतात आणि ज्या माउलीचे कुंकू पुसले गेले, तिला विचारतात, ‘वहिनी, आमचे खरेदीखत?’ तिला काय ठाऊक! कपाटाची किल्ली सापडत नाही, संगणकाचा परवलीचा शब्द कोणालाच माहीत नसतो, घेतलेली कोर्ट फी भरली की नाही ते कळत नाही. आणि मुदती मात्र टिकटिकत असतात.

म्हणून विश्वासातल्या एका समव्यवसायी मित्राशी परस्पर लेखी ठरवून ठेवावे की, एकाला काही झाले तर दुसऱ्याने पक्षकारांना कळवावे, तातडीच्या मुदती सांगाव्यात आणि कागद ज्याचे त्याला पोहोचवावेत. प्रकरण कोणाकडे द्यायचे ते पक्षकारच ठरवील. पक्षकाराची गुपिते पत्नीला वा मुलालाही सांगावयाची नसतात. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १३२ व्या कलमाने ती वकिलावर सोपविली आहेत. त्यामुळे घरी ठेवावयाच्या यादीत प्रकरणाचा क्रमांक, न्यायालय, पक्षकाराचा दूरध्वनी, पुढील तारीख, मूळ दस्त कोठे आहेत आणि शिल्लक रक्कम किती, एवढेच असावे. ती मोहोरबंद लिफाफ्यात ठेवावी आणि लिफाफ्यावर त्या मित्राचे नाव लिहावे. दर महिन्याला ती नवी करणे आदर्श. ते न साधल्यास निदान दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी शेजारचा व्यापारी नव्या वह्यांवर स्वस्तिक काढीत असतो, त्या वेळी वकिलाने जुना लिफाफा फाडून नवी यादी त्यात घालावी.