लेसरनंतर अंधूक का दिसते?

(खराडी येथे सभासद व विद्यार्थ्यांपुढे दिलेले व्याख्यान)



माझ्या पुतणीने भरतीसाठी चष्मा घालवायचा म्हणून लेसर करून घेतले. वडिलांनी कर्ज काढून पैसे उभे केले. दुसऱ्या महिन्यात पोर रडत आली, "काका, संध्याकाळी पुस्तकातलं पुसट दिसतं. पैसे वाया गेले का?" तसे झाले नव्हते, परंतु असे का होते, हे आम्ही आधी कोणीच विचारले नव्हते.

डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. लॅसिकमध्ये त्याचा पातळ पापुद्रा उचलतात आणि खालच्या भागाचा आकार लेसरने बदलतात. पापुद्रा कापताना बारीक नसा तुटतात, म्हणून काही महिने डोळा कोरडा राहतो. कोरड्या डोळ्याला पुसट दिसते. आपल्या खराडीत आयटी कंपन्यांत दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्यांच्या पापण्या मुळातच कमी मिटतात. त्यांना हा त्रास अधिक जाणवतो. पुतणीचे कारण हेच निघाले. डॉक्टरांनी दिलेल्या थेंबांनी तिला आराम पडला.

दुसरे कारण म्हणजे थोडा नंबर शिल्लक राहणे किंवा पुन्हा येणे. नंबर स्थिर होण्याआधी घाई केली तर ही शक्यता वाढते. तिसरे, रात्री दिव्यांभोवती वलये दिसणे. चौथे, पापुद्र्याला सुरकुती पडणे किंवा जंतुसंसर्ग होणे. यात दुखणे, लाली किंवा एकाएकी धूसरपणा आल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पाचवे कारण गंभीर आहे. पडदा मुळातच पातळ किंवा शंकूसारखा होऊ लागलेला असेल, तर तो लेसरनंतर पुढे फुगत जाऊ शकतो. म्हणून पडद्याचा नकाशा आणि जाडी आधी तपासलीच पाहिजे.

मोठा उणे नंबर गेला तरी आतला नाजूक दृष्टिपटल तोच राहतो. डोळ्यांपुढे विजा चमकल्या वा काळा पडदा आल्यासारखे वाटले, तर थांबू नका. चाळिशीनंतर वाचनाचा चष्मा लागतोच. तो शस्त्रक्रियेचा दोष नव्हे. मधुमेहींच्या दृष्टिपटलावरील लेसर वेगळे. ते उरलेली नजर राखण्यासाठी असते, गेलेली परत आणण्यासाठी नव्हे.

विद्यार्थी मित्रांनो, ज्या नोकरीसाठी लेसर करायचे तिचे दृष्टीविषयक नियम आधी वाचा. वर्षभर नंबर स्थिर आहे का, आपला पडदा योग्य आहे का, हे डॉक्टरांना निःसंकोच विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. डोळे आपले आहेत.