कादंबरींतील रोहिणी

पात्राला नक्षत्राचें नांव देणें वाटतें तितकें सोपें नाहीं. नक्षत्र, वृक्ष किंवा नदी यांचें नांव धारण करणाऱ्या कन्येशीं विवाह करूं नये, असें मनुस्मृति सांगते. समाजानें तें फारसें मनावर घेतलें नाहीं. रोहिणी, रेवती, चित्रा घरोघर नांदल्याच. कादंबरीकाराला मात्र नांवामागची कथाहि सांभाळावी लागते.

बंकिमचंद्रांच्या 'कृष्णकांतेर उइल' (१८७८) या बंगाली कादंबरींतील तरुण विधवा रोहिणीच पाहा. आकाशांतील रोहिणी ही तांबूस, तेजस्वी तारका. पुराणांत ती चंद्राची लाडकी. तिच्यापायीं इतर भगिनींची उपेक्षा झाली, म्हणून दक्षाच्या शापानें चंद्राला क्षय जडला. कादंबरींतहि रोहिणीपायीं गोविंदलाल आपली पत्नी भ्रमर हिला टाकतो. पुढें रोहिणीला मोहांत पाडावयास जो पुरुष येतो, त्याचें नांव निशाकर, म्हणजे चंद्रच! रात्रीं त्याला चोरून भेटावयास ती जाते आणि गोविंदलालाच्या पिस्तुलास बळी पडते. हा योगायोग म्हणणें कठीण आहे.

पुराणांतील चंद्राला शापानंतरहि कला पुन्हां लाभतात. या रोहिणीला मात्र दुसरी संधि नाहीं. शरच्चंद्रांना हा शेवट मुळींच रुचला नव्हता, आणि तसें त्यांनीं उघडपणें बोलूनहि दाखविलें.