इरावतीकाठचा जीर्णोद्धार



ब्रह्मदेशात मंडालेहून नावेने इरावतीच्या प्रवाहाबरोबर निघाले, की डाव्या तीरावर पगान लागते. अकराव्या ते तेराव्या शतकांत राजांनी आणि प्रजाजनांनीही तेथे हजारो बौद्ध मंदिरे विटांनी बांधली. दात्यांनी देवास दिलेल्या जमिनी शिळांवर कोरून ठेवल्या. आजही दोन हजारांवर वास्तू उभ्या आहेत.

1975 च्या जुलैत तेथे भूकंप झाला. काठावरचा बुपया स्तूप नदीत कोसळला. तो पुन्हा बांधावा लागला. पुढे 1990 नंतर देणग्यांच्या पैशातून शेकडो पडकी मंदिरे घाईने, नव्या विटांनी, केवळ अंदाजाने पुरी केली गेली. हेतू पुण्याचा होता, पण मूळ रूप झाकले गेले. जाणकार हळहळले. 2016 च्या भूकंपात सुमारे 400 वास्तूंना इजा झाली. त्यांत नव्याने चढविलेले कळसही पुष्कळ होते.

तेथील आनंद मंदिराची डागडुजी भारताच्या पुरातत्त्व खात्याने जुने रूप राखून केली. 2019 साली पगान जागतिक वारसा ठरले.

दात्याचे पुण्य मोठेच. परंतु पूर्वजांच्या हातची खूण शाबूत राहिली, तरच जीर्णोद्धार सार्थकी लागतो.