स्क्रू पाना घ्यावा की मल्टीटूल?

नवं घर मांडलं की एक प्रश्न हमखास येतो. घरात एकच अवजार घ्यायचं तर कोणतं? घडी करून खिशात मावणारं, पक्कड, सुरी, स्क्रू-ड्रायव्हर सगळं पोटात घेणारं मल्टीटूल, की इंदूरच्या सियागंजातल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा स्क्रू पाना? माझं उत्तर आधीच सांगतो: पाना. का, ते मात्र नीट सांगायला हवं, कारण मल्टीटूलही गुणी वस्तू आहे.

दोन्हींची मुळं एकाच काळातली. 1891 साली कार्ल एल्सेनर यांनी स्विस सैन्यासाठी चाकू बनवायला घेतले. सैनिकाला रायफल खोलून साफ करावी लागे आणि डबेही उघडावे लागत. म्हणून पात्याबरोबर स्क्रू-ड्रायव्हर, डबा उघडायचं पातं आणि टोचा आला. त्याच सुमारास, 1892 मध्ये, स्वीडनच्या योहान पेटर योहान्सन यांनी जबडा मागेपुढे होणाऱ्या आपल्या पान्याचं पेटंट घेतलं. तेव्हा नटांच्या मापांना धरबंध नव्हता. यंत्रं दुरुस्त करायला जायचं तर पान्यांचं ओझं वाहावं लागे.

म्हणजे पिशवी हलकी करणं हाच दोघांचा हेतू. पण वाटा वेगळ्या. मल्टीटूलनं अनेक कामं एका मुठीत आणली. पान्यानं काम एकच ठेवलं, नट फिरवण्याचं, आणि त्या एका कामाची अनेक मापं स्वतःत सामावून घेतली. माझ्या मते सगळा फरक इथेच आहे.

आपल्या इंदूरच्या मालवा मिल, हुकुमचंद मिलच्या काळात इंग्लंडहून आलेल्या यंत्रांना इंचांतले नट असत. आजच्या मोटरसायकलींना मिलिमीटरचे. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर, त्यावर 13 चा पाना जरा ढिला बसतो, आणि जोर लावला की कोपरे झिजू लागतात. स्क्रू पाना मात्र चकरी फिरवून दोन्हींवर घट्ट बसवता येतो.

आता मल्टीटूलच्या पकडीनं तोच नट धरून बघा. पकडीचे जबडे कात्रीसारखे उघडतात, समांतर राहत नाहीत. नटाच्या सपाट बाजूंवर ते पूर्ण टेकत नाहीत, कोपऱ्यांवर चावतात. शिवाय हाताला दोन कामं पडतात, आवळून धरायचं आणि फिरवायचंही. पान्याचा जबडा चकरीनं जागेवर राहतो, त्यामुळे मनगटाची सगळी ताकद फिरवण्यात जाते. दहा इंची पाना तर वीतभराहून थोडा लांबच. नळाखालचा गंजलेला नट याच लांबीनं सुटतो. पकडीनं कोपरे गोल केलेला नट बघितला की मला खरंच वाईट वाटतं. तो पुढच्या कारागिरालाही दाद देत नाही.

पाना वापरायचीही रीत आहे. हलता जबडा ज्या बाजूला असेल त्या बाजूला पाना ओढायचा, म्हणजे मुख्य भार स्थिर जबड्यावर येतो. उलटा धरला तर भार हलत्या जबड्यावर पडतो आणि त्याचे दाते खिळखिळे होतात. आपल्या नाशिकला तापडिया कंपनी हातअवजारं बनवते. तिची सुरुवात योहान्सन यांच्याच स्वीडनमधल्या एका कंपनीच्या तांत्रिक सहकार्यानं झाली, हे मला फार आवडतं.

मग मल्टीटूल कधी? घर दूर असेल तेव्हा. अमेरिकेतले टिम लेदरमन 1975 मध्ये जुन्या फियाटमधून युरोपात हिंडत होते. खिशात चाकू होता, पण पक्कड नव्हती, आणि गाडी सारखी कुरकुरत होती. त्यातून त्यांनी घडीची पक्कड घडवली. ती 1983 मध्ये बाजारात आली. पावसाळ्यात इंदूरजवळच्या पाताळपाणी किंवा जानापावकडे मोटरसायकलनं निघणाऱ्या तरुणांनी ती जरूर बाळगावी. तुटलेली वायर जोडायची, दोरी कापायची, आरशाचा सैल स्क्रू आवळायचा, तिथं तिला तोड नाही. विमानानं जाताना मात्र ती सामानात द्या. पात्यासकट हातातल्या बॅगेत ती नेऊ देत नाहीत.

घरासाठी आठ किंवा दहा इंची पाना घ्या. दुकानात चकरी फिरवून बघा, जबडा हलवून बघा. डुगडुगत असेल तर दुसरा मागा. आणि घरी आणल्यावर त्याचा हातोडा करू नका.