अव्यक्ताचे समीकरण



स्मृतिव्याख्यानासाठी मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने गणिताकडे वळावे, याचे आपणांस नवल वाटेल. निमित्त एका शब्दाचे आहे. भास्कराचार्यांच्या बीजगणितात अज्ञात राशीला ‘अव्यक्त’ म्हटले आहे. (फैजीने 1587 साली ‘लीलावती’ फारसीत आणली, तीत आचार्यांचे गाव बीदर सांगितले आहे. संशोधक ते मानत नाहीत, पण आपल्या कानांना गोड लागते.) आज मी बोलणार आहे ते मात्र ज्या समीकरणात राशींचा संबंधच अव्यक्त असतो त्याविषयी.

बीदरचा महमूद गवानचा मदरसा 1472 चा. औरंगजेबाच्या काळी स्फोटाने त्याचा मोठा भाग ढासळला. दर्शनी दोन मिनारांपैकी एकच उरला. उरलेल्या एखाद्या भग्न कमानीच्या कडेवरील बिंदू मोजून पडलेल्या भागाची रेषा सांगता येईल काय?

वर्तुळात ‘क्ष’च्या एका किमतीला ‘य’च्या दोन किमती येतात. म्हणून ‘य बरोबर अमुक’ असे न लिहिता सर्व पदे एका बाजूस घेऊन बेरीज शून्य मांडतात. मोजलेला बिंदू समीकरणात घातला की शून्याऐवजी थोडे काही उरते. त्या उरलेल्यांच्या वर्गांची बेरीज संगणक किमान करतो. ही लघुतम वर्गांची रीत लझांद्रने 1805 मध्ये प्रसिद्ध केली. पण येथेच फसगत आहे. सगळे गुणक शून्य धरले, तर जगातील कोणतेही मोजमाप त्या समीकरणात चपखल बसते! म्हणून एखादा गुणक, वर्तुळासाठी वर्गपदांचा, आधीच 1 ठरवून द्यावा लागतो.

तेवढ्यानेही भागत नाही. समीकरणात उरणारा आकडा म्हणजे बिंदूचे वक्रापासूनचे अंतर नव्हे. कंसाचा लहानसा तुकडाच हाती असला आणि मोजणीत थोडी चूक असली, तर या सोप्या रीतीने त्रिज्या खऱ्याहून लहान येण्याकडे कल असतो. पडझडीत उरतो तो नेमका लहान तुकडाच! अशा वेळी प्रत्यक्ष अंतरांचे वर्ग किमान करणारी, अधिक कष्टाची रीत घ्यावी.

शिवाय बहमनी टोकदार कमान एका वर्तुळाची नसतेच. निरनिराळ्या केंद्रांवरून काढलेले कंस शिखराशी मिळतात. जिओजेब्रासारखी विनामूल्य प्रणाली कमानीवरचे पाच बिंदू दिले की त्यांतून जाणारा शांकव क्षणात काढील. सहावा बिंदू त्यावर पडत नाही, तेव्हा दोष मोजणीचा की आकृतीच्या कल्पनेचा, हे ती सांगणार नाही. कंस कोठे बदलतो हे आधी डोळ्यांनी पाहावे, दोहोंचे बिंदू वेगळे नोंदवावेत, आणि मग यंत्र सुरू करावे.